मायएसक्यूएल नुकतंच बसवलं आणि रूट आत घेत नाही: पासवर्ड नव्याने ठरवण्याची सविस्तर पद्धत

मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर बसवून झाला, सर्व्हिस चालू आहे, आणि रूट या प्रशासकाच्या खात्याने पहिल्याच लॉगिनला ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. अशा वेळी बहुतेक जण ‘रूट पासवर्ड रीसेट’ शोधतात आणि समोर येईल ती पहिली कृती करून टाकतात: सर्व्हर थांबवायचा, पासवर्डची तपासणीच बंद करणारा --स्किप-ग्रँट-टेबल्स हा पर्याय लावून पुन्हा चालू करायचा आणि यूजर टेबलात हात घालायचा. नव्या इन्स्टॉलेशनवर एवढी तोडफोड क्वचितच लागते. तिथे पासवर्ड हरवलेला नसतो. तो एक तर कधी ठरवलेलाच नसतो, किंवा सर्व्हरने स्वतः तयार करून लॉगमध्ये लिहून ठेवलेला असतो. म्हणून आधी आपली परिस्थिती कोणती ते ओळखायचं आणि मगच काही बदलायचं.

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करा. हायफन, अंडरस्कोर, अवतरणचिन्हं आणि शेवटचा अर्धविराम मात्र जसेच्या तसे ठेवा. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की असू द्या. लिनक्सचा रूट आणि डेटाबेसचा रूट ही दोन वेगळी खाती आहेत. एकाचा पासवर्ड दुसऱ्याला चालत नाही, आणि एकाचा बदलल्याने दुसऱ्याचा बदलत नाही.

एररचा नंबर वाचा

‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ हे शब्द सगळीकडे सारखेच दिसतात, पण त्यांच्या आधी आलेला नंबर बरंच काही सांगतो.

१६९८ आला, तर रूट खातं सॉकेटवरून (त्याच मशीनवरच्या क्लायंटला सर्व्हरशी जोडणारी फाइल) ओळख पटवणारं आहे. तिथे पासवर्ड विचारातच घेतला जात नाही, त्यामुळे तुम्ही कितीही बरोबर पासवर्ड दिला तरी दार उघडणार नाही. उबंटू आणि डेबियनवर सहसा हाच नंबर दिसतो.

१०४५ आला, तर पासवर्ड तपासला गेला आणि जुळला नाही. त्या ओळीच्या शेवटी ‘यूजिंग पासवर्ड: येस’ किंवा ‘नो’ असं लिहिलेलं असतं. ‘नो’ असेल, तर क्लायंटने पासवर्ड पाठवलेलाच नाही. कमांडमध्ये -पी राहून गेलं असेल. हे तपासायला दोन सेकंद लागतात, तरी बरेच जण ते न पाहताच रीसेटकडे वळतात.

२००२ आला, तर प्रश्न पासवर्डचा नाहीच. क्लायंटला सॉकेट फाइल सापडत नाही, म्हणजे सर्व्हर बंद आहे किंवा सॉकेटचा पत्ता चुकला आहे. आधी सर्व्हिसची स्थिती बघा.

१८२० आला, तर तुम्ही आत आहात, पण तात्पुरत्या पासवर्डवर. तो बदलेपर्यंत सर्व्हर दुसरं कुठलंही काम करू देणार नाही.

उबंटू आणि डेबियन: दार उघडंच असतं

उबंटूच्या भांडारातून मायएसक्यूएल बसवलं की रूट खात्याला ऑथ_सॉकेट हे प्लगइन लागलेलं असतं. सर्व्हर पासवर्ड मागत नाही. सॉकेटच्या दुसऱ्या टोकाला लिनक्सचा कोणता वापरकर्ता आहे हे तो थेट कर्नलकडून जाणून घेतो. तो वापरकर्ता रूट असेल, तर प्रवेश. म्हणून एवढंच पुरतं:

सुडो मायएसक्यूएल

आत गेल्यावर खात्यांची खरी स्थिती पाहून घ्या:

सिलेक्ट यूजर, होस्ट, प्लगइन फ्रॉम मायएसक्यूएल.यूजर;

पुढचं सगळं ‘प्लगइन’ या तिसऱ्या रकान्यावर अवलंबून आहे. रूटसमोर ऑथ_सॉकेट असेल, तर माझा सल्ला असा की त्याला हात लावू नका. ही व्यवस्था पासवर्डपेक्षा भक्कम आहे: चोरण्यासारखं काही नाही, लक्षात ठेवण्यासारखं काही नाही, आणि नेटवर्कवरून रूट म्हणून प्रयत्न करणाऱ्याला मुळीच वाव नाही. ज्याच्याकडे त्या मशीनवर सुडोचा अधिकार आहे, तो तसाही सर्व्हरच्या फाइल्सपर्यंत पोहोचतोच.

‘पण माझ्या अ‍ॅप्लिकेशनला रूटचा पासवर्ड द्यायचा आहे’ ही अडचण हमखास पुढे येते. अ‍ॅप्लिकेशनला रूट देऊच नये. त्याच्यासाठी वेगळं खातं काढा:

क्रिएट यूजर 'दुकान_अ‍ॅप'@'लोकलहोस्ट' आयडेंटिफाइड बाय 'लांब-नवा-पासवर्ड';
ग्रँट ऑल ऑन दुकान.* टू 'दुकान_अ‍ॅप'@'लोकलहोस्ट';

इथे ‘दुकान’ हे डेटाबेसचं नाव समजा. जुन्या लेखांत ग्रँटच्याच ओळीत आयडेंटिफाइड बाय लिहून खातं आणि अधिकार एका फटक्यात दिलेले दिसतात. ती सोय मायएसक्यूएल ८.० पासून काढून टाकली आहे. आता आधी क्रिएट यूजर, मग ग्रँट.

ग्राफिकल साधनातून सगळा कारभार बघायचा असेल, तरी रूट न बदलता ‘डीबीए’ अशा नावाचं एक प्रशासक खातं काढा. त्याला *.* वर सगळे अधिकार आणि शेवटी विथ ग्रँट ऑप्शन द्या. रूट जसा आहे तसा राहतो, आणि पुढे काही बिघडलं तर सुडो मायएसक्यूएल हा मागचा दरवाजा शाबूत असतो.

तरीही रूटलाच पासवर्ड हवा असेल, तर कमांड अशी:

ऑल्टर यूजर 'रूट'@'लोकलहोस्ट' आयडेंटिफाइड बाय 'लांब-नवा-पासवर्ड';

मात्र या एका ओळीने दोन गोष्टी होतात. पासवर्ड लागतो, आणि खात्याचं प्लगइन बदलून सर्व्हरचं मूळ ठरलेलं प्लगइन बसतं, ८.० पासून ते कॅशिंग_शा२_पासवर्ड आहे. म्हणजे त्या क्षणापासून नुसतं सुडो मायएसक्यूएल चालणार नाही. -पी देऊन पासवर्ड टाकावा लागेल. रात्री चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट सॉकेटच्या भरवशावर असेल, तर ती त्याच रात्री बंद पडेल.

सेट पासवर्डचं वागणं याच्या उलट. ऑथ_सॉकेट असलेल्या खात्यावर ते काहीच करत नाही. ‘या खात्यासाठी सेट पासवर्डला अर्थ नाही’ अशा आशयाची एरर येते. मायएसक्यूएल_सिक्युअर_इन्स्टॉलेशन ही सुरक्षेची स्क्रिप्ट उबंटू २२.०४ वर याच कारणाने अडकल्याचे अनुभव अनेकांना आले: स्क्रिप्ट नवा पासवर्ड विचारते, नाकारते आणि पुन्हा विचारते. ती विंडो बंद करा आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवाल तेव्हा रूटच्या पासवर्डच्या मागे लागू नका. निनावी खाती काढणं, रूटला दुरून मज्जाव करणं, ‘टेस्ट’ डेटाबेस काढणं ही तिची बाकीची कामं उपयोगाची आहेत. तेवढी करून घ्या.

ओरॅकलचं आरपीएम पॅकेज: पासवर्ड लॉगमध्ये आहे

रेड हॅटच्या घराण्यातल्या सिस्टिमवर ओरॅकलच्या अधिकृत भांडारातून मायएसक्यूएल बसवलं, तर पहिल्यांदा सर्व्हिस चालू होताना सर्व्हर रूटसाठी एक तात्पुरता पासवर्ड तयार करतो. ५.७ पासून ही पद्धत आहे. तो शोधायचा असा:

सुडो ग्रेप 'टेम्पररी पासवर्ड' /व्हार/लॉग/मायएसक्यूएलडी.लॉग

मिळालेल्या ओळीत रूट@लोकलहोस्ट नंतर अपूर्णविराम, मग एक मोकळी जागा, आणि त्यापुढे ओळ संपेपर्यंत सगळा पासवर्ड. इथे बारकाईने बघायला हवं, कारण तो अक्षरं, आकडे आणि चिन्हं मिसळून तयार होतो. शेवटी स्वल्पविराम किंवा टिंब दिसलं, तर तो वाक्याचा भाग नाही, पासवर्डचाच भाग आहे. माउसने डबलक्लिक करून निवडलं, तर निवड बऱ्याचदा मधल्या एखाद्या चिन्हापाशी तुटते आणि अर्धाच पासवर्ड कॉपी होतो. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या चिन्हापर्यंत ओढून निवडा.

मग लॉगिन:

मायएसक्यूएल -यू रूट -पी

-पी च्या पुढे पासवर्ड चिकटवू नका. कंस, अर्धविराम, उद्गारचिन्ह, अँपरसँड या चिन्हांना शेल स्वतःचा अर्थ लावतो, कमांड मध्येच तोडतो, आणि तुम्हाला वाटतं पासवर्ड चुकीचा आहे. शिवाय तो शेलच्या हिस्टरीत कायमचा नोंदला जातो. नुसतं -पी देऊन एंटर दाबा, आणि विचारल्यावर पेस्ट करा. पेस्ट करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. ते तसंच असतं.

आत गेल्यावर पहिली कमांड ऑल्टर यूजरचीच द्या, वर लिहिली आहे तशीच. १८१९ ही एरर आली, तर पासवर्डची परीक्षा घेणारा घटक चालू आहे. त्याची मधली पातळी किमान ८ अक्षरं मागते, आणि त्यांत एक मोठं अक्षर, एक लहान अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह. धोरण शिथिल करून आपला सोपा पासवर्ड खपवण्याचे उपाय शोधले तर सापडतात, पण प्रशासकाच्या खात्यासाठी तसं करू नका. पासवर्ड मॅनेजरकडून एक लांब पासवर्ड तयार करून घ्या आणि पुढे चला.

रेड हॅटच्या स्वतःच्या भांडारातलं मायएसक्यूएल पॅकेज मात्र वेगळं वागतं. तिथे तात्पुरता पासवर्ड तयार होत नाही. रूटचा पासवर्ड रिकामा असतो. पॅकेज कुठून आलं याची खात्री करा, रिकाम्या पासवर्डने आत जा, आणि त्याच बैठकीत नवा पासवर्ड ठरवा.

लॉगमध्ये काहीच सापडत नाही, तेव्हा

ग्रेपने एकही ओळ दिली नाही, तर बहुधा इन्स्टॉलेशन खऱ्या अर्थाने नवीन नाही. पॅकेज काढून पुन्हा बसवलं तरी /व्हार/लिब/मायएसक्यूएल हे डेटाचं फोल्डर सहसा मागे राहतं. नवा सर्व्हर त्यात जुना डेटा पाहतो, नव्याने काही तयार करत नाही, आणि जुनाच पासवर्ड चालू ठेवतो. चार वेळा काढून बसवलं तरी काहीच बदलत नाही, याचं कारण हेच.

त्या फोल्डरमध्ये जपण्यासारखं काही नसेल, तर सगळ्यात स्वच्छ उपाय पासवर्ड रीसेटचा नाहीच. सर्व्हिस थांबवा, फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्स दुसरीकडे हलवा (हलवा, पुसू नका), आणि सर्व्हिस पुन्हा चालू करा. ओरॅकलच्या आरपीएम पॅकेजमध्ये रिकामं फोल्डर दिसताच सर्व्हर नव्याने मांडणी करतो आणि लॉगमध्ये नवा तात्पुरता पासवर्ड लिहितो. जिथे हे आपोआप होत नाही, तिथे मायएसक्यूएलडी ला --इनिशियलाइझ आणि --यूजर=मायएसक्यूएल हे पर्याय देऊन तेच काम हाताने करता येतं. दोन-चार दिवस सगळं नीट चाललं की हलवलेल्या जुन्या फाइल्स काढून टाका.

डेटा महत्त्वाचा असेल किंवा खात्री नसेल, तर मात्र खरा रीसेट करावा लागेल.

खरा रीसेट

उबंटूवर आधी एक सोपी वाट बघा. /ईटीसी/मायएसक्यूएल/डेबियन.सीएनएफ या फाइलमध्ये डेबियन-सिस-मेंट नावाच्या देखभालीच्या खात्याचा पासवर्ड असतो. फाइल सुडोने वाचता येते. त्या खात्याने लॉगिन करा, रूटवर ऑल्टर यूजर चालवा, झालं. सर्व्हर थांबवायचीही गरज नाही.

तीही वाट बंद असेल, तर दोन पद्धती उरतात. मी इनिट-फाइलची (सर्व्हर चालू होताना ज्यातल्या कमांड चालवतो ती फाइल) पद्धत पसंत करतो, कारण तीत सर्व्हर एक क्षणही विनापहारा चालत नाही.

आधी एक छोटी फाइल तयार करा. तिच्यात ऑल्टर यूजरची कमांड एकाच ओळीत, अर्धविरामासकट. फाइल कुठे ठेवता हे महत्त्वाचं आहे: रूटच्या होम फोल्डरमध्ये किंवा भलतीकडे ठेवलीत, तर उबंटूवर अ‍ॅपआर्मर ही सुरक्षा व्यवस्था सर्व्हरला ती वाचू देत नाही आणि सर्व्हर चालूच होत नाही. /व्हार/लिब/मायएसक्यूएल-फाइल्स हे फोल्डर त्यासाठी सोयीचं. फाइलची मालकी मायएसक्यूएल या लिनक्स वापरकर्त्याकडे द्या आणि परवानगी ६०० ठेवा, म्हणजे बाकी कुणाला ती वाचता येणार नाही.

मग सर्व्हिस थांबवा. उबंटूवर सर्व्हिसचं नाव मायएसक्यूएल आहे, रेड हॅटच्या घराण्यात मायएसक्यूएलडी. सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये [मायएसक्यूएलडी] या शीर्षकाखाली ही ओळ घाला:

इनिट-फाइल=/व्हार/लिब/मायएसक्यूएल-फाइल्स/रीसेट.एसक्यूएल

सर्व्हिस चालू करा, नव्या पासवर्डने लॉगिन होतंय का ते बघा. होत असेल, तर कॉन्फिगमधली ओळ काढा, फाइल पुसा आणि सर्व्हिस एकदा रीस्टार्ट करा. ही आवरासावर टाळू नका. ती ओळ तशीच राहिली, तर पुढे कुणीही पासवर्ड बदलला तरी प्रत्येक रीस्टार्टला तो पुन्हा तुमचाच होईल, आणि पासवर्ड साध्या मजकुरात डिस्कवर पडून राहील.

दुसरी पद्धत --स्किप-ग्रँट-टेबल्सची. या स्थितीत सर्व्हर कुणालाही पासवर्ड विचारत नाही आणि प्रत्येकाला सगळे अधिकार देतो. मायएसक्यूएल ८.० मध्ये हा पर्याय लावला की बाहेरून येणारे नेटवर्क कनेक्शन आपोआप बंद होतात. त्याआधीच्या आवृत्त्यांत होत नाहीत, म्हणून तिथे --स्किप-नेटवर्किंग सोबत लावलंच पाहिजे. कॉन्फिगमध्ये ओळ घालून सर्व्हिस चालू करा, पासवर्डशिवाय आत जा, आणि पहिली कमांड ही द्या:

फ्लश प्रिव्हिलेजेस;

ही दिली नाही, तर ऑल्टर यूजर १२९० या एररने अडतं, कारण अधिकारांची टेबलं सर्व्हरने वाचलेलीच नसतात. त्यानंतर ऑल्टर यूजर, बाहेर पडणं, ओळ काढणं, रीस्टार्ट. बाकी वेळी ऑल्टर यूजरनंतर फ्लश प्रिव्हिलेजेस देण्याची गरज नसते. बदल लगेच लागू होतो.

जुन्या लेखांतली ‘अपडेट मायएसक्यूएल.यूजर’ची युक्ती वापरू नका. पासवर्ड नावाचा रकाना ५.७ मध्येच गेला, त्याच्या जागी ऑथेंटिकेशन_स्ट्रिंग आला. आणि पासवर्ड() हे फंक्शन ८.० मध्ये काढलं गेलं. ते सापडत नाही म्हणून काही जण ऑथेंटिकेशन_स्ट्रिंगमध्ये साधा पासवर्ड लिहून टाकतात. तिथे हॅश, म्हणजे पासवर्डचं सांकेतिक रूप, अपेक्षित असतो, त्यामुळे ते खातं कुठल्याच पासवर्डने उघडत नाही.

मारियाडीबी असेल तर

अनेक लिनक्स वितरणांत मायएसक्यूएल मागितलं की प्रत्यक्षात मारियाडीबी (मायएसक्यूएलपासूनच निघालेला वेगळा डेटाबेस सर्व्हर) बसतं, आणि लोक मायएसक्यूएलच्या कमांड त्यावर चालवत राहतात. लॉगिन झाल्यावर सिलेक्ट व्हर्जन(); ही कमांड दिली की कळतं.

मारियाडीबी १०.४ पासून रूट खात्याला ओळखीच्या दोन वाटा असतात: आधी युनिक्स_सॉकेट, ती फसली तर पासवर्ड. सुरुवातीला पासवर्डच्या जागी मुद्दाम अवैध मूल्य ठेवलेलं असतं, म्हणजे ती दुसरी वाट तुम्ही पासवर्ड ठरवेपर्यंत बंद. सुडो मारियाडीबी म्हणून आत जा आणि:

सेट पासवर्ड फॉर 'रूट'@'लोकलहोस्ट' = पासवर्ड('लांब-नवा-पासवर्ड');

इथे सेट पासवर्ड चालतं, आणि सॉकेटची वाटही टिकून राहते. पासवर्ड() फंक्शन इथे अजून आहे. मात्र मायएसक्यूएल.यूजर हे आता टेबल नाही, व्ह्यू आहे. मूळ नोंदी ग्लोबल_प्रिव्ह या टेबलात असतात. त्यामुळे अपडेटची जुनी युक्ती इथेही निरुपयोगीच.

विंडोज आणि डॉकर

विंडोजचा इन्स्टॉलर रूटचा पासवर्ड बसवतानाच विचारतो. तो विसरलात, तर वरचीच इनिट-फाइलची पद्धत: सर्व्हिसेसच्या यादीतून मायएसक्यूएलची सर्व्हिस थांबवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, आणि मायएसक्यूएलडी ला --डिफॉल्ट्स-फाइल ने माय.आयएनआय चा पूर्ण पत्ता व --इनिट-फाइल ने तुमच्या फाइलचा पत्ता द्या. डिफॉल्ट्स-फाइलचा पर्याय पहिला हवा. पत्त्यात मोकळ्या जागा असतात, म्हणून अवतरणचिन्हं विसरू नका.

डॉकरमध्ये मायएसक्यूएल_रूट_पासवर्ड हे व्हेरिएबल फक्त पहिल्यांदा, व्हॉल्यूम (डेटा साठवायची जागा) रिकामं असतानाच वाचलं जातं. नंतर कंपोझ फाइलमध्ये ते कितीही बदललं तरी परिणाम शून्य. व्हॉल्यूममध्ये काही नसेल, तर व्हॉल्यूम काढून कंटेनर नव्याने उभा करा. मायएसक्यूएल_रँडम_रूट_पासवर्ड वापरलं असेल, तर पासवर्ड कंटेनरच्या लॉगमध्ये ‘जनरेटेड रूट पासवर्ड’ या शब्दांपुढे मिळतो.

पोस्टग्रेसक्यूएलसाठी

इथे प्रशासकाचं खातं पोस्टग्रेस नावाचं, आणि लिनक्सवर स्थानिक लॉगिन ‘पीअर’ पद्धतीने होतं, म्हणजे पुन्हा लिनक्सचा वापरकर्ता पाहून. ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ दिसलं, तर पासवर्डचा विचार सोडा आणि हे चालवा:

सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल

आत \पासवर्ड ही कमांड द्या. ती पासवर्ड दोनदा विचारते आणि तो हॅश करूनच सर्व्हरकडे पाठवते, म्हणून सर्व्हरच्या लॉगमध्ये तो उघडा उमटत नाही. ऑल्टर रोल हाताने लिहिण्यापेक्षा हे बरं. लॉगिनचे नियम ठरवणाऱ्या पीजी_एचबीए.कॉन्फ मध्ये ‘ट्रस्ट’ (पासवर्ड न विचारता प्रवेश) लिहिण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. पीअर चालू असताना त्याची गरज नाही. लिहावंच लागलं, तर फक्त स्थानिक ओळीवर, आणि काम होताच मूळ शब्द परत लिहून कॉन्फिग रीलोड करा. फाइल नेमकी कुठे आहे ते शो एचबीए_फाइल; ही कमांड सांगते.

पासवर्ड बदलल्यावर

चालू सेशन बंद न करता दुसऱ्या टर्मिनलमधून नव्या पासवर्डने लॉगिन करून बघा. काही चुकलं असेल, तर पहिल्या खिडकीतून ते लगेच सुधारता येतं. मग यूजर टेबलातली यादी पुन्हा पाहा. रूटच्या एकापेक्षा जास्त ओळी असू शकतात, कारण मायएसक्यूएलच्या दृष्टीने 'रूट'@'लोकलहोस्ट' आणि 'रूट'@'%' ही दोन स्वतंत्र खाती आहेत. एकाचा पासवर्ड बदलला म्हणून दुसऱ्याचा बदलत नाही. % असलेली ओळ कुठूनही लॉगिन करू देते. ती गरजेशिवाय राहिली असेल तर ड्रॉप यूजरने काढून टाका.

स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लागत असेल, तर तो कमांडच्या ओळीत लिहू नका. होम फोल्डरमध्ये .माय.सीएनएफ ही फाइल करा, तिच्यात [क्लायंट] या शीर्षकाखाली यूजर आणि पासवर्ड लिहा, परवानगी ६०० करा. बॅकअपसाठी तर रूटही नको. डेटा वाचता येईल आणि टेबल लॉक करता येईल एवढेच अधिकार असलेलं वेगळं खातं काढून त्याचा पासवर्ड त्या फाइलमध्ये ठेवा.